डावखुऱ्याच्या खांद्यावर ब्राउनिंग ऑटो-५

कोल्हापुरात बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, म्हटले की अजूनही दुनळीच डोळ्यांसमोर येते, आणि दुनळीला डावे-उजवे फारसे कळत नाही, कारण ती मधोमध मोडते व रिकामी काडतुसे मागच्या बाजूने निघतात. ब्राउनिंग ऑटो-५सारख्या सेमी-ऑटोमॅटिकचे, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीचे, तसे नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची शिकार बंद असल्याने ऑटो-५ मी चालवली ती अमेरिकेतल्या साउथ डकोटात, मावसभावाकडे, फेझंट पक्ष्याच्या शिकारीच्या हंगामात.

जॉन ब्राउनिंग यांच्या या रचनेत बार उडताच नळी आणि बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) दोन्ही एकत्र मागे सरकतात, मग नळी पुढे जाते आणि तिच्यापाठोपाठ बोल्ट. खांद्याला हा हेलकावा स्पष्ट जाणवतो. मागच्या चौकोनी कुबडामुळे नजरेला लांब, सपाट रेषा मिळते आणि उडत्या पक्ष्यावर नेम लवकर बसतो. ही तिची खरी खुबी, आणि ती डावखुऱ्यालाही तितकीच लाभते.

अडचण काडतूस फेकणाऱ्या खिडकीची आहे. ती उजवीकडे असते आणि डावखुऱ्याचा चेहराही दस्त्याच्या उजव्याच बाजूला येतो, त्यामुळे काडतूस अंगावर आले नाही तरी नजरेसमोरून जाते आणि दुसऱ्या बारावेळी लक्ष विचलित करते; चष्म्याशिवाय ही बंदूक डाव्या खांद्याला लावू नये. चापामागचे सेफ्टीचे आडवे बटणही उजव्या तर्जनीच्या सोयीचे आहे, ते उलटे बसवून घेतलेले बरे.

मात्र एक फायदा उजव्या खांद्यावाल्यांच्या ध्यानात येत नाही: डावा हात मुठीवरून न हलवता उजव्या हाताने बोल्ट ओढता येतो आणि नळी रिकामी आहे की नाही, ते बंदूक न फिरवता थेट दिसते. सुरक्षिततेच्या दृष्टीने मला हे मोलाचे वाटले.

केवळ सोय हवी असेल, तर १९६३मध्ये आलेली, बाराच्या गॅसच्या दाबावर चालणारी रेमिंग्टन ११०० डावखुऱ्यांसाठीच्या आवृत्तीतही निघाली होती आणि तिचा धक्का सौम्य असतो. तरीही माझी पसंती ऑटो-५लाच, थोडी हौस म्हणा हवे तर. जुनी घेताना मात्र नळीखालचे पुढचे लाकूड उतरवून त्याला तडा गेला आहे का, हे पाहावे आणि आतली, मागे येणाऱ्या नळीला आवर घालणारी घर्षणाची कडी हलक्या-भारी काडतुसांप्रमाणे योग्य क्रमाने बसवली आहे का, याची खात्री करावी. ती चुकली, तर भारी काडतुसांचा सगळा मार त्या लाकडावर आणि आपल्या खांद्यावर येतो.