पाळणाघरात बाळोती की डायपर? मुंबईच्या हवेतला हिशेब

मुलुंडला दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये मी पाळणाघर चालवते. दोन वर्षांखालची आठ बाळं, दोन मावश्या आणि मी. नवं पाळणाघर काढणाऱ्या बायका आधी भाड्याचं विचारतात आणि लगेच डायपरचं: कापडी ठेवू की वापरून फेकायचे? मी दोन्ही चालवून पाहिलेत. कापडी तर दोनदा बंद करून पुन्हा सुरू केलेत.

कापडी म्हणजे नक्की काय, ते आधी ठरवा. आजीने शिवलेलं मलमलचं त्रिकोणी लंगोट स्वस्त पडतं आणि तासाभरात वाळतं, पण एक शू झाली की लंगोट, झबलं, दुपटं सगळंच बदला. घरी एका बाळामागे तीन बायका असतात तिथे ते निभतं. आपल्याकडे एका मावशीकडे चार बाळं असतात. शिवाय आईची २६ आठवड्यांची रजा संपल्यावर बाळ आपल्याकडे येतं, तेव्हा ते पालथं पडून पुढे सरकायला लागलेलं असतं. बंदाची गाठ अर्धा तासही टिकत नाही. तेव्हा इथून पुढे कापडी म्हणजे बाहेरून न झिरपणारं आवरण, आत शोषणारा पॅड आणि कमरेला टिचबटणं. वेल्क्रोवाले घेऊ नका, सहा महिन्यांत त्यात केस आणि धागे अडकून ते धरेनासे होतात.

आता पैसे. बाळ आमच्याकडे नऊ तास असतं, त्यात पाच डायपर धरा. वापरून फेकायचा एक १२ रुपयांना धरला, तर महिन्याच्या २४ दिवसांचे १,४४० रुपये. आठ बाळांचे ११,५२०. कापडी एकेक ४०० रुपयांचा, बाळामागे १२ नग: पाच अंगावर, पाच दोरीवर, दोन हाताशी. आठ बाळांचे ३८,४००. धुण्याचे मावशीला जादा ४,०००, पावडर आणि विजेचे १,५००. म्हणजे महिन्याला सहा हजार वाचून साडेसहा महिन्यांत पैसे सुटतात.

पण सुटतात कोणाचे? डायपर आणतात आईवडील, धुणं पडतं पाळणाघरावर. बचत त्यांच्या खिशात आणि बादल्या आपल्या मोरीत. पहिल्या खेपेला हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या महिन्यात मावशीने पीठ मळता मळता विचारलं, “ताई, हे पगारात धरलंय का?” धरलेलं नव्हतं. पहिल्यांदा बंद केले ते यामुळे. आता कापडी डायपर आईवडिलांनी आणायचे आणि धुण्याचे महिना ७०० रुपये वेगळे द्यायचे, असा नियम आहे. त्यातूनही त्यांचे सातशेच्या वर वाचतात.

धुणं घरी पाठवायचं, हा दुसरा रस्ता. दोन चेनची जलरोधक पिशवी मिळते, तिच्यातून वास फारसा येत नाही. पण संध्याकाळच्या लोकलमध्ये एका खांद्यावर बाळ, दुसऱ्यावर ऑफिसची बॅग आणि हातात पाच ओले डायपर घेऊन ठाण्याला उतरणाऱ्या आईचा विचार करा. एकीने शुक्रवारी नेलेली पिशवी सोमवारी न उघडताच परत आणली. उघडली तर पॅडवर काळे ठिपके. बुरशी. ते पाचही नग गेले.

खरी परीक्षा मात्र वाळवण्याची. नोव्हेंबर ते मे काही प्रश्नच नाही, खिडकीच्या ग्रीलमध्ये सकाळी टाकलेले दुपारी घडी करून आत येतात. जुलैत सगळं उलटं. झड लागली की तिसऱ्या दिवशी आमच्या छताच्या कप्पीवरच्या दांड्यांवर चाळीस पॅड लटकत होते, खाली पंखा फुल आणि मी रात्री साडेदहाला एकेकाला इस्त्री करतेय. हाताला कोरडा लागायचा, नाकाला कुबट. दोन बाळांच्या जांघेत लाल पुरळ आलं तेव्हा दुसऱ्यांदा बंद केले.

त्या पावसाळ्यात एक गोष्ट कळली, ती खरेदीआधी कळायला हवी होती. पॅड आतच शिवलेला असतो तो डायपर घालायला सर्वांत सोपा आणि वाळायला सर्वांत हट्टी. खिशातून पॅड बाहेर काढता येतो तो घ्या. आवरण दोन तासांत वाळतं, पॅड वेगळा पसरता येतो. मायक्रोफायबरचा पॅड झटकन शोषतो आणि लवकर वाळतो, पण बाळ बसलं की दाबाने पाणी सोडतो, आणि तो थेट कातडीला लागता कामा नये. सुती पॅड सावकाश शोषतो, धरून ठेवतो, वाळायला वेळ घेतो. मी दोन्ही खिशात एकावर एक घालते, सुती खाली.

धुण्याचं तंत्र थोडक्यात: शी आधी संडासात, मग गार पाण्यात एक धुणं, मग पावडर घालून ६० अंशांवर दुसरं. म्हणून हीटरवालं मशीन. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याने पॅड शोषेनासा होतो, व्हॅसलीनचंही तेच. चाळीस नगांना दोन फेऱ्या लागतात. महापालिकेच्या तलावांचं पाणी सौम्य असतं, पावडर पुरते. मे महिन्यात कपात होऊन टँकर मागवला की पाणी बहुधा बोअरचं, मग तीच पावडर कमी पडते आणि अमोनियाचा वास राहतो.

वापरून फेकायच्या डायपरचा मोठेपणाही सांगायला हवा. बाळाला जुलाब होत असतील तर मी सरळ डायपर घालते, आठ बाळांच्या मोरीत तो धोका नको. दुपारच्या लांब झोपेलाही ते बरे. पण वरून कोरडे दिसतात हाच त्यांचा दगा. एकदा एका बाळाचा चार तास बदललाच नाही, कारण तो “भरलेला वाटला नाही”. चूक आमचीच. कापडीवाल्याला हात लावला की कळतं, त्यामुळे दर दोन-अडीच तासांनी बदलणं आपोआप होतं. एकदा तर गडबडीत वापरलेला डायपर मशीनमध्ये गेला. आतला जेल फुगून सगळ्या कपड्यांवर साबुदाण्याच्या खिचडीसारखा पसरला. ड्रम पुसायला अख्खी दुपार गेली.

कचऱ्याचा मुद्दा मी भाषणासाठी नाही, वजनासाठी मांडते. ओला डायपर काट्यावर दीडशे-दोनशे ग्रॅम भरतो. दिवसाला चाळीस म्हणजे सहा ते आठ किलो, आणि ते रोज सोसायटीच्या सफाई कामगाराच्या हातात. वापरलेले डायपर नीट गुंडाळून द्यावेत, असं घनकचऱ्याच्या नियमांतच आहे. कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा. डायपर आणि सॅनिटरी पॅडचा कचरा वेगळा नेण्याची सोय महापालिकेने २०२५ मध्ये नोंदणीवर सुरू केली आहे, ती नोंदणी पहिल्याच महिन्यात करून टाका. कापडी म्हणजे आपोआप पर्यावरणाचं भलं, असंही समजू नका. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या यंत्रणेने २००८ मध्ये एका बाळाच्या अडीच वर्षांचा हिशेब काढला तेव्हा कार्बनच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच भरले, ५५० आणि ५७० किलो, आणि वीस किलोंनी जास्त निघाले ते कापडी. फरक पडतो तो भरलेलं मशीन लावण्याने, दोरीवर वाळवण्याने आणि तेच डायपर धाकट्या भावंडाला वापरण्याने. ड्रायर लावणार असाल तर ते पुण्य गेलंच.

सध्या माझ्याकडे असं चालतं: ऑक्टोबर ते मे दिवसा कापडी, जून ते सप्टेंबर डायपर, जुलाबात आणि सहलीला केव्हाही डायपर. वर्षाचे चार महिने कापडी बंद, म्हणजे पैसे सुटायला साडेसहाऐवजी सरासरी जवळजवळ दहा महिने लागतात. तुमच्याकडे ऊन येणारी गॅलरी नसेल किंवा दुसऱ्या मावशीचा पगार परवडत नसेल, तर कापडीच्या भानगडीत पडू नका. डायपर वेळेवर बदला, तेवढं पुरे.

पडायचंच असेल तर दसऱ्यानंतर पडा, एकाच बाळापासून, तेही ज्याची आई स्वतःहून मागतेय त्याच्यापासून. आणि नवे पॅड आणल्या दिवशी वापरू नका. चार-पाच धुण्यांनंतर ते नीट शोषायला लागतात. त्याआधी घातलेत तर गादी भिजेल आणि मावशी तुमच्या तोंडाकडे बघत उभी राहील.