काउंटीच्या जन्माआधीचा विवाहदाखला

माझे माहेर पुण्याचे. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत घरात होता, आणि लहानपणी त्र्यंबकेश्वरला गेलो असताना तीर्थोपाध्यायांनी लाल फडक्यात बांधलेली वही सोडून माझ्या आजोबांच्या आजोबांची मोडीतली नोंद आम्हाला काढून दाखवली होती. वहीत आहे म्हणजे ते खरेच असणार, ही समजूत तेव्हापासून मनात पक्की बसली. पुढे अमेरिकेत मी २,३४० डॉलरला फसले, तेव्हा या समजुतीनेच माझा घात केला, हे आधीच सांगून टाकते.

लग्नानंतर मी नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात राहायला आले. माझ्या सासऱ्यांचे पणजोबा स्वीडनहून आले होते आणि त्यांनी नेब्रास्काच्या मध्यभागी कस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सरकारी जमीन घेऊन शेती वसवली होती, एवढीच माहिती घरात होती. ते आले कधी, लग्न कुठे झाले, वारले कधी, हे कोणालाच सांगता येत नव्हते. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या हाती त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत द्यावा, असे माझ्या मनात आले. नोकरी आणि दोन मुले सांभाळून कागद धुंडाळणे जमणार नाही असे वाटून मी समाजमाध्यमावर भेटलेल्या एका ‘वंशावळ संशोधका’ला हे काम दिले.

त्याने पहिला कागद फुकट पाठवला, आणि तो अस्सल होता, हे विशेष. १८८० च्या जनगणनेचे ते पान होते आणि त्यात सासऱ्यांचे पणजोबा, पणजी आणि दोन मुले एका घरात नोंदलेली होती. कुटुंबप्रमुखाशी प्रत्येकाचे नाते काय, हा रकाना अमेरिकेच्या जनगणनेत १८८० सालीच प्रथम आला, त्यामुळे ‘पत्नी’, ‘मुलगा’, ‘मुलगी’ असे शब्द समोर दिसताच माझे डोळे भरून आले. ते पान कोणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येते, हे मला ठाऊक नव्हते. त्या एका खऱ्या पानाच्या भरवशावर मी पुढची नव्वद खोटी पाने विकत घेतली.

सुरुवातीला ६०० डॉलर ठरले होते. दोन महिन्यांनी स्वीडनच्या दफ्तरखान्याची ‘विशेष परवानगी’ म्हणून ४५० डॉलर गेले. मग काउंटीच्या न्यायालयातून ‘प्रमाणित नकला’ काढण्यासाठी ६९० डॉलर, आणि शेवटी चामड्याची बांधणी व कुलचिन्ह यांसाठी आणखी ६०० डॉलर. प्रत्येक मागणीच्या आधी तो एखादी गोड बातमी कळवीत असे. स्वीडनमधला धागा सापडला, घराणे मोठे निघते आहे, जरा थांबा, असे त्याचे चाले. पैसे त्याने कधी कार्डाने घेतले नाहीत, दर वेळी बँक खात्यातून थेट हस्तांतर करायला सांगितले. ती बाब मला तेव्हाच खटकायला हवी होती.

ग्रंथ देखणा होता, हे मात्र कबूल केलेच पाहिजे. पिवळट कागद, कोपऱ्यांत डाग, ठिकठिकाणी शिक्के, आठ पिढ्यांचा वृक्ष आणि आरंभी एका दाढीवाल्या रुबाबदार वृद्धाचे छायाचित्र, ज्याखाली सासऱ्यांच्या पणजोबांचे नाव आणि ‘मृत्यू १९११’ अशी ओळ होती. पणजीबाईंच्या वाट्याला मात्र ‘पत्नी, अधिक माहिती उपलब्ध नाही’ एवढेच शब्द आले होते. पंचाहत्तरीच्या दिवशी सासऱ्यांनी ते पुस्तक मांडीवर घेऊन सगळ्यांना वाचून दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी कुलचिन्हाची चौकट दिवाणखान्यात टांगली.

बिंग फुटले ते एका साध्या कामामुळे. विवाहदाखल्याची आणखी एक नक्कल नणंदेसाठी हवी होती. मी दाखल्यावरचे वर्ष, १८७२, सांगून कस्टर काउंटीच्या कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग अतिशय सौम्यपणे म्हणाल्या, की त्या वर्षी आमची काउंटीच अस्तित्वात नव्हती. ही काउंटी १८७७ साली स्थापन झाली. अमेरिकी सैन्यातला जनरल कस्टर १८७६ च्या जूनमध्ये मूळ रहिवाशांशी झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारला गेला, आणि त्याचे नाव पुढच्या वर्षी या नव्या काउंटीला देण्यात आले. माझ्या हातातल्या दाखल्यावर मात्र तो हयात असतानाच त्याच्या नावाच्या काउंटीची मोहोर उमटली होती.

त्या रात्री मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतले. या वेळी आदर बाजूला ठेवला होता.

पुस्तकात लिहिले होते, की पूर्वज १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर उतरले आणि तिथल्या कारकुनाने त्यांचे नाव बदलले. एलिस आयलंडचे स्थलांतरितांच्या तपासणीचे केंद्र उघडले १ जानेवारी १८९२ रोजी. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला येणारे लोक कॅसल गार्डन नावाच्या ठिकाणी उतरत. कारकुनाने नाव बदलल्याची कथा तर बहुतेक स्थलांतरित घराण्यांत सांगितली जाते, पण तिथले अधिकारी जहाजावर आधीच तयार झालेल्या यादीवरून नावे तपासत, ते मनाने नवी नावे लिहीत नसत.

पुढे १८९० च्या जनगणनेचे ‘छायाचित्र’ होते, आणि त्यात सासऱ्यांचे पणजोबा सहा मुलांसह कुटुंबप्रमुख म्हणून दाखवलेले होते. १० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली. त्या आगीत आणि विझवण्याच्या पाण्यात १८९० च्या बहुतेक याद्या खराब झाल्या, आणि उरलेल्या पुढे सरकारनेच नष्ट केल्या. सव्वासहा कोटींच्या आसपास लोकांच्या त्या गणनेतली जेमतेम सहा हजारांवर नावे आज शिल्लक आहेत, आणि लोकसंख्येच्या त्या तुकड्यांत नेब्रास्का नाही. या विषयात थोडेफार वाचलेल्या माणसाला ‘१८९०’ हा आकडा पाहताच शंका यायला हवी. भामट्याला १८८० आणि १९०० यांच्यामधली मोकळी जागा भरायची होती, आणि ती त्याने भरून टाकली.

वंशवृक्षाची गोष्ट तर मला हसवून गेली, हसू आले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. आठही पिढ्यांचे आडनाव एकच होते, आणि ते ‘सन’ या अक्षरांनी संपणारे होते. स्वीडनच्या शेतकरी घरांत एकोणिसाव्या शतकात बऱ्याच काळापर्यंत मुलाचे नाव वडिलांच्या नावावरून चाले. नील्सचा मुलगा नील्सन, त्या मुलाचे नाव पेर असेल तर त्याचा मुलगा पेर्सन, आणि मुलगी असेल तर नावापुढे ‘डॉटर’. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे येते, तिथे ते शेवटी येई आणि दर पिढीला बदले, इतके सोपे आहे हे. वडिलांचे नाव मधे लावीत वाढलेल्या माणसाला तरी हे सुचायला हवे होते. कुलचिन्हाचेही तसेच. नुसत्या आडनावाला कुलचिन्ह नसते. स्वीडनमधल्या सरदार घराण्यांची नोंद स्टॉकहोमच्या रिडार्हुसेट या सरदारगृहात आहे, आणि त्या यादीत आमच्या माणसांचा मागमूस नाही.

हा धंदा नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मूळच्या स्वीडनच्या गुस्ताव आंजू नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर बसून श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी विकल्या, आणि त्यातली खोटी नावे आजही अनेकांच्या वृक्षांत नांदत आहेत. माझ्या भामट्याजवळ निदान तेवढीही मेहनत नव्हती.

मी त्याला दाखल्याविषयी विचारले. कारकुनाची चूक असेल, असे उत्तर आले. १८९० विषयी विचारले तेव्हा ती ‘खासगी संग्रहातली प्रत’ झाली. प्रत्येक कागदाचा संग्रह, रीळ आणि पान कळवा, असे लिहिल्यावर ‘माझे स्रोत गोपनीय आहेत’ असा निरोप आला आणि खाते बंद झाले. जनगणनेच्या याद्या ७२ वर्षांनी सर्वांना खुल्या होतात, १९५० ची यादी १ एप्रिल २०२२ पासून खुली आहे, आणि स्वीडनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्याने संगणकावर आणलेली चर्चची पुस्तके २०१८ पासून विनामूल्य वाचता येतात. या विषयात गोपनीय स्रोताला जागाच कुठे आहे? ज्या परवानगीसाठी मी ४५० डॉलर दिले ती परवानगी कधी लागतच नव्हती. बँकेने सांगितले, की हस्तांतर तुम्ही स्वतःच्या इच्छेने केले आहे, त्यामुळे रक्कम परत मिळणार नाही. केंद्र सरकारकडे ऑनलाइन तक्रार केली, तिची पोच आली, आणि आजवर पोचच आहे.

सासऱ्यांना सांगणे सर्वांत कठीण गेले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी चौकट भिंतीवरून काढली आणि विचारले, “मग खरे काय आहे?” या प्रश्नामुळे मी स्वतः शोधायला बसले, आणि जे काम सात महिने दुसऱ्याला करू दिले होते त्यातले मुख्य कागद मला पाच आठवड्यांत मिळाले.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखाला किंवा एकवीस वर्षांच्या माणसाला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता येई. पाच वर्षे तिथे राहून जमीन कसली, हे दोन साक्षीदारांनिशी सिद्ध केले, की मालकीपत्र मिळे. (कायदा त्या जमिनीला सरकारी म्हणतो, आणि आमचा चामडी ग्रंथ तिला ‘निर्जन’ म्हणत होता. मध्य नेब्रास्का पॉनी या मूळ रहिवासी जमातीचा मुलूख होता आणि १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांना तिथून दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले, याचा त्यात उल्लेखही नव्हता.) ही मालकीपत्रे केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर नाव घालून फुकट पाहता येतात. पण खरा ऐवज असतो तो त्यामागच्या फाइलीत, म्हणजे राष्ट्रीय दफ्तरखान्यातल्या अर्जात आणि जबान्यांत, आणि नेब्रास्काच्या अशा फाइली आता संगणकावर आलेल्या आहेत.

मी पूर्वजांचे नाव घालून मालकीपत्र उघडले तर ते त्यांच्या नावाचे नव्हतेच. त्यावर त्यांच्या ‘विधवे’चे नाव होते. फाइलीत सगळे उलगडले. अर्ज १८७९ चा होता. अर्जदार १८८२ च्या हिवाळ्यात वारले होते. दाढीवाला वृद्ध कोण होता कोण जाणे, आमचे पूर्वज पस्तिशीही गाठू शकले नव्हते. त्यांच्या पश्चात कायद्याने विधवेला ती पाच वर्षे पुरी करण्याची मुभा होती, आणि त्या बाईने ती पुरी केली. १८८५ च्या जबानीत तिने घराचे वर्णन दिले आहे: गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीच्या विटांचे घर, चौदा फूट रुंद आणि वीस फूट लांब, एक दार, दोन खिडक्या. त्या वर्णनाखाली गोठा, विहीर आणि नांगराखाली आणलेले पंचेचाळीस एकर. सहीच्या जागी तिची फुली आहे आणि फुलीच्या दोन्ही बाजूंना तिचे नाव कारकुनाच्या हातचे आहे. त्याच वर्षीच्या नेब्रास्काच्या राज्य जनगणनेत कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात तीच आहे. लग्नही कस्टर काउंटीत झालेले नव्हते. इलिनॉय राज्याच्या दफ्तरखान्याची जुन्या लग्नांची सूची सर्वांना खुली आहे, तिच्यात ते १८७६ साली नोंदलेले सापडले.

ज्या पणजीबाईंविषयी ‘अधिक माहिती उपलब्ध नाही’ असे मला विकण्यात आले होते, त्यांच्याच नावे ती सगळी जमीन झाली होती.

मी सासऱ्यांना या वेळी पुस्तक दिले नाही. सुट्या कागदांची साधी फाइल दिली आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तो कुठल्या संग्रहातला, कितव्या पानावरचा, मी कुठल्या तारखेला पाहिला, हे पेन्सिलीने लिहिले. जिथे अंदाज आहे तिथे ‘अंदाज’ असेच लिहिले आहे. त्या फाइलीतला सध्याचा शेवटचा कागद १९०० च्या जनगणनेचा आहे. किती मुले झाली आणि त्यातली किती हयात आहेत, हे त्या वर्षी प्रत्येक आईला विचारले गेले होते. पणजीबाईंच्या ओळीतल्या त्या दोन आकड्यांत तीनचा फरक आहे. नेब्रास्कात जन्ममृत्यूची राज्यभर नोंद १९०४ च्या अखेरीपासून सुरू झाली, त्यामुळे त्या तीन मुलांसाठी चर्चची पुस्तके, गावोगावच्या स्मशानभूमींच्या याद्या आणि त्या काळची स्थानिक वर्तमानपत्रे पाहावी लागणार आहेत. सासरे मायक्रोफिल्म, म्हणजे जुन्या पानांची फितीवरची बारीक छायाचित्रे, वाचायला शिकले आहेत. गेल्या शनिवारी आम्ही १८८३ चे पहिले सहा महिने संपवले.