ट्रॅड, सेमी-ट्रॅड की क्रूझर? नॅरोबोट घेण्याआधी तिची मागची बाजू ठरवा

इंग्लंडच्या कालव्यांवर राहायला किंवा फिरायला नॅरोबोट, म्हणजे कालव्यांसाठी बांधलेली लांब, अरुंद बोट, घ्यायची ठरली की माणसं आधी स्वयंपाकघर, पलंग आणि शेगडी बघतात. हे सगळं पुढेमागे बदलता येतं. बोटीची मागची बाजू मात्र पोलादात वेल्ड केलेली असते. ती बदलायची तर केबिन कापावी लागते. सुकाणू धरून कुठे उभं राहायचं, इंजिन कुठे बसणार आणि पावसाचं पाणी कुठे जाणार, या तिन्ही गोष्टी तिथेच ठरतात. म्हणून निवडीची सुरुवात मागून करावी. तिचे तीन प्रकार आहेत: ट्रॅड, सेमी-ट्रॅड आणि क्रूझर.

रुंदीचा विचार करण्याचं कारण नाही. अठराव्या शतकात अभियंता जेम्स ब्रिंडलीच्या कालव्यांनी मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मध्य भागात, साधारण ७ फूट रुंदीचे लॉक (बोट वर-खाली नेणारी दरवाजांची कुंडं) रूढ केले, त्यामुळे बोट ६ फूट १० इंचांचीच असते. लांबी साधारण ७० फुटांपर्यंत जाते. पण कॅल्डर अँड हेबलसारख्या उत्तरेकडच्या जलमार्गांवर लॉक जेमतेम साडेसत्तावन्न फुटांचे आहेत, म्हणून सगळीकडे फिरायचं असेल तर ५७ फुटांवर थांबणं शहाणपणाचं. पुढचा सगळा हिशेब ५७ फुटांच्या बोटीचा आहे.

ट्रॅड म्हणजे पारंपरिक रचना. मालवाहू बोटींवर प्रत्येक फूट कोळशासाठी आणि मालासाठी हवा असे. मागच्या जेमतेम दहा फुटांच्या केबिनमध्ये अख्खं कुटुंब राहायचं: शिरल्यावर डाव्या हाताला रेंज (कोळशाची चूल), तिच्यापुढे कपाट, ज्याचं दार खाली पाडलं की टेबल होई, आणि आडवा उघडणारा पलंग. सुकाणू धरणारा छतातल्या सरकत्या झाकणाखाली, कोळशाच्या पेटीच्या पायरीवर उभा राहायचा. कमरेखालचं शरीर केबिनच्या उबेत, वरचं बाहेर. आजच्या ट्रॅडमध्ये उभं राहण्याची हीच जागा असते. दारांच्या मागे उरतो तो काउंटर, म्हणजे दोन-तीन फुटांचा छोटा डेक.

क्रूझरमध्ये केबिन पाच-सहा फूट आधीच संपते. तिच्यामागे उघडा डेक, कडेने कठडा, फळ्यांखाली इंजिन. सेमी-ट्रॅडचाही डेक तेवढाच लांब, पण केबिनच्या भिंती दोन्ही बाजूंनी मागेपर्यंत नेलेल्या आणि वर छत नसलेलं. लांबून ती ट्रॅड वाटते, जवळ गेल्यावर आत समोरासमोरची बाकं दिसतात. बाकांखाली सहसा बॅटऱ्या किंवा गॅसचे सिलिंडर असतात.

जागेचा फरक सरळ आहे: क्रूझर आणि सेमी-ट्रॅडमध्ये पाच-सहा फूट घर कमी. ट्रॅडमध्ये ते फूट मिळतात, पण इंजिन बहुधा तिथेच, लाकडी खोक्याखाली बसलेलं असतं. त्या भागात पलंग टाकता येत नाही. तरी वॉशिंग मशीन, विजेचा फलक, इन्व्हर्टर, ओले कोट आणि बूट यांना त्याच्याइतकी चांगली जागा नाही. तीन-चार तास चाललेलं इंजिन नंतर बराच वेळ गरम राहतं आणि टांगलेले कपडे वाळवतं. बारा महिने बोटीवर राहणाऱ्याला ही सोय किती मोलाची आहे, ते नोव्हेंबरमध्ये कळतं. बदल्यात डिझेलचा वास आणि आवाज घरात येतो. खोक्याला आतून ध्वनिरोधक फोम असेल तर आवाज, आणि डिझेल कुठे गळत नसेल तर वास आटोक्यात राहतो.

काही ट्रॅड बोटींवर इंजिनाला मधे स्वतंत्र खोली असते. तिच्यात लिस्टर किंवा रसेल न्यूबेरीचं जुनं, मंद गतीचं इंजिन आणि तिच्यामागे जुन्या पद्धतीची केबिन. दिसायला याहून देखणं कालव्यावर काही नाही. पण इंजिनखोली आणि ती केबिन मिळून सोळा-अठरा फूट जातात. शिवाय गिअर बदलायला चाक फिरवावं लागतं. पुढच्या गिअरमधून मागच्या गिअरमध्ये यायला आधुनिक खटक्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे बोट थांबवण्याचा विचार बराच आधी करावा लागतो. अशी बोट घ्यायची तर इंजिनाची निगा हा आपला छंद आहे, असं मनापासून वाटलं पाहिजे.

आता सुरक्षेचं, आणि इथे आमचा आग्रह आहे. ट्रॅडवर बाहेर काउंटरवर उभं राहून बोट चालवू नका. बोट मागे घेताना सुकाणूचं पातं काठाला किंवा तळातल्या दगडाला अडलं तर टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, जोरात एका बाजूला फेकला जातो. त्याच्या वाटेत उभा असलेला माणूस पाण्यात पडतो, आणि खाली प्रोपेलर फिरत असतो. आत पायरीवर, दारांच्या चौकटीत उभं राहिलं तर टिलरचा फेरा पाठीमागेच राहतो. क्रूझरवर कठडा असला तरी टिलरच्या फेऱ्यात कुणी बसू नये. पाहुणे नेमके तिथेच टेकतात. लहान मुलं आणि कुत्रा असलेल्या घराला सेमी-ट्रॅडच्या भिंती खरा आधार देतात. क्रूझरच्या कठड्याच्या दांड्यांमधून छोटं मूल सहज निसटू शकतं.

माणसांच्या सोबतीचं गणित उलटं आहे. ट्रॅडवर चालवणारा एकटा पडतो, बाकीचे ५० फूट पुढे बसतात, हाका मारूनही ऐकू जात नाहीत. क्रूझरवर चार-पाच जण चहा घेत आजूबाजूला उभे राहतात. सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या बोटी म्हणूनच बहुतेक क्रूझर किंवा सेमी-ट्रॅड असतात. यातून एक फसगत होते: जूनमधल्या एका आठवड्याच्या अनुभवावर माणूस क्रूझर पक्की करतो, आणि मग फेब्रुवारीच्या आडव्या पावसात तिच्यावर एकटा उभा राहतो. राहायलाच जाणार असाल तर थंडीत एखादा दिवस बोट चालवून बघा.

क्रूझरला मागे कापडी तंबू, म्हणजे प्रॅम हूड, लावता येतो. मुक्कामात तो जणू एक जास्तीची खोली देतो. पण चालताना बहुतेक हूड खाली घ्यावे लागतात: समोरचं दिसत नाही आणि कमी उंचीच्या पुलाखाली अडकतात. ब्लिसवर्थसारख्या २,८१३ मीटरच्या बोगद्यात हवेच्या झरोक्यांखाली पाण्याच्या धारा पडतात, तेव्हा तिन्ही बोटींवर डोकं भिजतंच. ट्रॅडवर निदान पाय कोरडे राहतात, आणि केबिनमधला दिवा उघड्या झाकणातून भिंतींवर पडून बोगदा दिसायला मदत होते.

पाणी हा क्रूझर आणि सेमी-ट्रॅडचा कायमचा शत्रू. डेकच्या फळ्यांखाली चारी बाजूंनी पोलादी पन्हळ असते, तिच्यातून नळ्या पाणी बाहेर सोडतात. पानं आणि चिखलाने नळी तुंबली की पाणी पन्हळीतून उतू जाऊन इंजिनाच्या खड्ड्यात पडतं. स्टार्टर आणि अल्टरनेटर गंजतात, बॅटऱ्यांची टोकं हिरवी पडतात. तळात साचलेल्या पाण्यावर डिझेल किंवा तेल तरंगत असताना ते पाणी उपसणारा स्वयंचलित बिल्ज पंप सुरू झाला तर ते सगळं कालव्यात जातं. म्हणून इंजिनाखाली तेल झेलणारा वेगळा ट्रे हवाच, आणि शरद ऋतूत पन्हळ दर आठवड्याला साफ करायला हवी. आणखी एक धोका: त्या नळ्या म्हणजे बोटीच्या अंगाला पाडलेली भोकंच. डेकवर आठ माणसं चढली की मागची बाजू खाली बसते. सर्वांत खालचं भोक पाण्यापासून साधारण १० इंच वर असावं, अशी सर्व्हेअरांची अपेक्षा असते. माणसं चढवूनही ते मोजा.

देखभालीत मात्र क्रूझरच सोपी, हे मान्य करायला हवं. फळ्या उचलल्या की इंजिनाभोवती चहूबाजूंनी हात पोचतो. ट्रॅडमध्ये गुडघ्यांवर बसून, दिवा तोंडात धरून फिल्टर बदलावा लागतो. रोजचं काम तिन्हींवर तेच: तेल, शीतक, पट्ट्याचा ताण, आणि दिवस संपला की स्टर्न ग्लँडच्या (प्रोपेलरचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या पाणीबंद सांध्याच्या) ग्रीसचा स्क्रू दाब येईपर्यंत फिरवणं. प्रोपेलरला प्लास्टिकच्या पिशव्या, दोर, कपडे गुंडाळले जातात, विशेषतः मोठ्या शहरांमधून जाताना. अशा वेळी इंजिन बंद करून, किल्ली काढून खिशात टाकायची आणि वीड हॅच (प्रोपेलरपर्यंत हात पोचवणारं, झाकण असलेलं तोंड) उघडून गुंता कापायचा. क्रूझरवर हे उभ्याने-वाकून होतं, ट्रॅडवर अनेकदा काउंटरखाली पोटावर सरकत जावं लागतं. झाकण परत घट्ट बसवून मगच इंजिन सुरू करावं. ते सैल राहिलं तर प्रोपेलर पाणी आत उसळवतो आणि बोट काही मिनिटांत मागून बुडू शकते.

एकट्याने फिरणाऱ्यासाठी मधला दोर, म्हणजे छताच्या मध्यावर बांधलेला, काठाला बोट धरून ठेवायचा दोर, निर्णायक असतो. ट्रॅडवर छताची कड हाताशी असते, दोर, चहाचा कप, लॉकची किल्ली सगळं समोर. क्रूझरवर छत पाच-सहा फूट पुढे असल्यामुळे दोर मुद्दाम लांब घेऊन मागच्या कठड्यापर्यंत आणावा लागतो. तो घसरून पाण्यात पडला की थेट प्रोपेलरकडे जातो. काठावर उतरायला क्रूझर सर्वांत सोपी. सेमी-ट्रॅडवर भिंती आडव्या येतात, काउंटरवरूनच उतरावं लागतं.

चोरीच्या बाबतीत ट्रॅड बरी. पोलादी दारं आणि सरकतं झाकण आतून बंद करता येतं, इंजिन घरातच असतं. क्रूझरच्या फळ्या कुणीही उचलू शकतो, म्हणून त्यांना कुलुपाची सोय करून घ्यावी.

आमचं मत असं: एकटा किंवा जोडपं, बारा महिने बोटीवर राहणार आणि हिवाळ्यातही हलणार, तर ट्रॅड. मुलं किंवा कुत्रा, आणि वर्षातले बरेच महिने प्रवास, तर सेमी-ट्रॅड. पन्हळीची निगा राखण्याची तयारी ठेवून. एका जागी बांधलेल्या बोटीवर राहून उन्हाळ्यात मित्रांसह फिरणार, किंवा फक्त सुट्ट्यांपुरती बोट हवी, तर क्रूझर, चांगल्या हूडसह.

बोट बघायला जाताना टॉर्च, चिंधी आणि जुने कपडे न्या. क्रूझर किंवा सेमी-ट्रॅड असेल तर सगळ्या फळ्या उचलायला सांगा, पन्हळीचे कोपरे बोटाने खरवडून बघा. ट्रॅड असेल तर काउंटरच्या आत डोकं घाला, पाणी साचून तिथे आतून खड्डे पडतात. बाहेरून काउंटरचा खालचा पत्रा, म्हणजे अक्सटर प्लेट, बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय कळत नाही, म्हणून सौदा सर्व्हेच्या अटीवरच करा आणि जाडीचे आकडे लेखी घ्या. नव्या बोटींचा तळ बहुधा १० मिलिमीटर आणि बाजू ६ मिलिमीटरची असते. ४ मिलिमीटरखाली गेलेल्या जागी विमा कंपन्या सहसा कुरकुरतात. बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र चार वर्षांचं असतं, पण ते आग, गॅस आणि इंधनाविषयी असतं. पत्रा किती उरला आहे हे त्यात नसतं. शेवटी चिंधी वीड हॅचच्या झाकणाच्या कडेने फिरवा. ओली निघाली तर रबरी पट्टी बदलून घेतल्याशिवाय ती बोट चालवून बघायलाही नेऊ नका.