फॉसिफाय की क्विक: पसारा आवरणाऱ्यांसाठी

पिक्सेल फोन घेतला आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर ग्राफीनओएस, म्हणजे खासगीपणा जपणारं अँड्रॉइड, चढवलं. हा उद्योग ज्यांनी केलाय त्यांना पुढचं ठाऊक असेल. नकाशे, कॅलेंडर, फोटो यांची सोय लावण्यात दोन आठवडे मजेत जातात आणि एसएमएसकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. एसएमएस पाठवतंय कोण आता? सासवडची मावशी सोडली तर मीही कुणाला पाठवत नाही. पण येतात मात्र रोज वीस-पंचवीस, आणि त्यातल्या चार-पाचांवाचून खरंच अडतं. म्हणजे मला एसएमएसचं ॲप हवं होतं ते पसारा आवरायला, आणि निवड शेवटी फॉसिफाय आणि क्विक या दोघांत झाली. हे कळायला तीन महिने गेले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ॲप कुठलंही घ्या, एसएमएस उघडाच जातो आणि मोबाईल कंपनीला तो वाचता येतो. सिग्नल या मेसेजिंग ॲपने अँड्रॉइडवरच्या एसएमएसला सोडचिठ्ठी देत असल्याचं २०२२ मध्येच जाहीर केलं, आणि एसएमएस कुलूपबंद करून पाठवणारं सायलेन्स तर त्याच्याही आधीपासून थंड पडलंय. तेव्हा इथे खासगीपणा म्हणजे एवढंच, की ॲपने आपले मेसेज आणखी कुठे पोचवू नयेत. त्यावर ग्राफीनओएसमध्ये साधा उपाय आहे: ॲपची नेटवर्कची परवानगी काढून घ्यायची. एसएमएसला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे काही बिघडत नाही. यूपीआयच्या नोंदणीचा मेसेजही बँकेचं ॲप स्वतःच पाठवतं, त्याचा या निवडीशी संबंध नाही. आरसीएस, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा एसएमएसचा नवा प्रकार, हवाच असेल तर मात्र खालच्या तिघांपैकी कुणीच कामाचं नाही.

फोनसोबत जे ॲप येतं ते महिनाभर वापरलं. साधं, जुन्या वळणाचं. गंमत म्हणजे त्यात संभाषण बोटाने बाजूला सरकवलं की ते आर्काइव्हमध्ये, म्हणजे न पुसता यादीबाहेर, जातं. पण मी वापरलं तेव्हा त्यात शोधायची सोयच नव्हती. मागच्या मार्चचा मेसेज हवा असेल तर बसा अंगठा झिजवत. ते तिथेच संपलं.

मग फॉसिफाय. २०२३ च्या शेवटी सिंपल मोबाइल टूल्सची ॲप्स विकली गेली आणि त्यांच्या खुल्या कोडवरून ही शाखा निघाली, हे बहुतेकांना माहीत असेल. माझ्याकडे गॅलरी आणि कॅलेंडर फॉसिफायचंच आहे, म्हणून एसएमएसलाही तेच, असं सरळ गणित होतं. आणि ॲप खरोखर नेटकं आहे. लॉक स्क्रीनवर फक्त पाठवणाऱ्याचं नाव दाखवायचं की तेही नाही, हे ठरवता येतं. अक्षरांचा आकडा दाखवायला लावता येतो, आणि देवनागरीत लिहिणाऱ्याला तो लागतोच: इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०, आणि काना-मात्रा-वेलांट्या त्यात वेगळ्या मोजल्या जातात. मावशीला 'रविवारी येतो, अंजीर ठेव' यापलीकडे फार काही लिहायची सोय नाही.

पण फॉसिफायची खरी मौज शब्दांवरून अडवण्यात. पुरंदर विमानतळाशेजारी एनए प्लॉट घ्या म्हणून मला आठवड्याला किमान तीन मेसेज यायचे. इंग्रजी स्पेलिंगमधला 'पुरंदर' यादीत टाकला आणि शांतता झाली. मावशीचं सासवडही पुरंदरातलंच, पण ती देवनागरीत लिहिते म्हणून वाचली. 'लोन' मात्र टाकू नका, बँकेच्या हप्त्याचा मेसेजही त्यात जाईल.

इतकं सगळं असून गाडी अडली ती एका बारीकशा गोष्टीवर.

आपल्याकडे कंपन्यांचे मेसेज ज्या नावाने येतात त्या नावाच्या पुढे दोन अक्षरं असतात. पहिलं मोबाईल कंपनीचं, दुसरं सर्कलचं: मुंबईला एम, महाराष्ट्राला झेड, दिल्लीला डी. २०२५ पासून शेवटीही एक अक्षर लागतं, जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी असेल तर जी. कल्पना चांगली आहे. पण फोनच्या लेखी यातलं एक अक्षर बदललं की पाठवणाराच बदलतो. एकाच बँकेची माझ्याकडे अकरा संभाषणं झाली होती. एकेका नावाला अडवत बसण्यात अर्थ नाही, आज अडवलं तर उद्या तेच दिल्लीच्या अक्षराने हजर. आणि बँकेचे मेसेज पुसूनही चालत नाही, मार्चमध्ये लागतात. ते फक्त नजरेआड व्हायला हवेत.

फॉसिफायमध्ये मी ते करायचो असं: संभाषणावर बोट दाबून धरा, निवडलं गेलं की बाकीच्यांवर टिचकी मारा, मग आर्काइव्ह शोधा. अवघड नाही. पण रोज रात्री करावं असंही नाही. तीन दिवस केलं, चौथ्या दिवशी सोडलं. मग एका सकाळी गॅस सिलिंडरवाला तिसऱ्या मजल्यावर दारात उभा, 'कोड सांगा साहेब', आणि मी ओटीपींच्या ढिगाऱ्यात त्याचा मेसेज शोधतोय. कोड म्हणून शोधावं तर निम्म्या मेसेजमध्ये कोड. सिलिंडर खाली ठेवून त्याने घाम पुसला आणि काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात क्विक घेतलं. एफ-ड्रॉइड या खुल्या कोडच्या ॲप्सच्या दुकानात शोधताना क्यू-यू-आय-के असं लिहा. बंद पडल्यासारख्या झालेल्या क्यूकेएसएमएसचा हा नवा अवतार. त्यात डावीकडे आणि उजवीकडे सरकवलं की काय व्हावं, हे आपण ठरवायचं. मी एका बाजूला आर्काइव्ह ठेवलंय, दुसऱ्या बाजूला 'वाचलं'. विचारणा नाही, चुकलं तर खाली 'परत आणा' येतं. त्या पाठवणाऱ्याचा नवा मेसेज आला की संभाषण आपोआप वर येतं. चहाला आधण येईपर्यंत यादी रिकामी होते, आणि त्यामुळेच ती रोज रिकामी होते. शिवाय शोध आहे. पाठवलेला मेसेज तीन, पाच किंवा दहा सेकंद रोखून धरायची सोयही आहे, हा माझ्यासारख्या घाईच्या माणसाला वरचा लाभ.

त्यात खोट नाही असं नाही. सुरुवातीला हे ॲप सगळे जुने मेसेज स्वतःच्या कोठारात उतरवून घेतं. मेसेज हजारोंनी असतील तर फोन बाजूला ठेवून कामाला लागा. दिसायलाही फॉसिफाय मला जास्त सुबक वाटतं. बायकोच्या फोनवर अजून तेच आहे. तिला यादी आवरायची हौस नाही, प्लॉटवाले दिसू नयेत एवढीच मागणी, आणि ती पुरी झालेली आहे. तुमचंही तसं असेल तर फॉसिफाय घ्या, पस्तावणार नाही.

दोन्ही लावून बघायलाही हरकत नाही. मेसेज फोनच्या सामायिक साठ्यात असतात, डिफॉल्ट ॲप बदललं म्हणून ते हरवत नाहीत. फक्त क्विकमध्ये काय आर्काइव्ह केलं याची नोंद क्विकपाशीच राहते. मध्यंतरी शब्दांच्या यादीच्या मोहाने मी एका संध्याकाळी फॉसिफायवर परत गेलो, तर चार महिन्यांचे ओटीपी ओळीने उभे होते. जेवायच्या आधी क्विकवर आलो.