दहा महिन्यांची वर्गणी, एक वही आणि सुपरहिरोईन्सची लग्नं: वापरानंतरचा अनुभव

लग्नात भावाने आहेर म्हणून दहा इंची टॅबलेट दिला होता. दीड वर्ष तो कपाटात साड्यांखाली पडून होता. गेल्या सप्टेंबरात बाहेर काढला, इंग्रजी कॉमिक्सची वर्षाची वर्गणी भरली आणि तेव्हापासून रोज रात्री जेवणं-भांडी आटोपली की पाऊण तास वाचते. दहा महिने झाले, म्हणून आता लिहिते. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

वर्गणी भरतानाच पहिला प्रसाद मिळाला. खातं उघडलं माहेरच्या नावाने, कारण ईमेल कॉलेजपासूनचा तोच. कार्डावर मात्र लग्नानंतरचं नाव. तीनदा पैसे नाकारले गेले. शेवटी नवऱ्याच्या कार्डावरून भरले. तेव्हापासून वाचते मी आणि ‘आपली वर्गणी चालू आहे’ हा निरोप जातो त्याच्या फोनवर.

वापराबद्दल आधी उरकून घेते. एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय झकास आहे, डोळ्यांना ताण नाही. अंक आधी उतरवून ठेवले की नेट नसलं तरी चालतात. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना सहा-सात अंक सहज होतात. जुन्या अंकांचे रंग नव्याने भरलेत, ते जरा भडक वाटतात. दुसऱ्या मोठ्या प्रकाशनाचे, म्हणजे वंडर वूमन-बॅटमॅनवाल्यांचे, अंक या वर्गणीत येत नाहीत, ते मला सुटे विकत घ्यावे लागले, तो खर्च वेगळा धरा.

खरी अडचण वार्षिकांकांची आहे. मालिका उघडली की एक, दोन, तीन असे अंक ओळीने येतात, पण वार्षिकांक ठेवलेत वेगळ्याच खणात. आणि अमेरिकन कॉमिक्सवाल्यांना लग्न लावायला वार्षिकांकच आवडतो. ‘फँटॅस्टिक फोर’ या चौघांच्या संघातल्या स्यू स्टॉर्म आणि रीड रिचर्ड्सचं १९६५ चं लग्न तिसऱ्या वार्षिकांकात, मेरी जेन आणि पीटर पार्करचं, म्हणजे स्पायडरमॅनचं, १९८७ चं एकविसाव्यात, जेसिका जोन्स आणि ल्यूक केजचं २००६ चं ‘न्यू ॲव्हेंजर्स’च्या पहिल्यात. ओळीने वाचत गेलात तर काल कुमारी असलेली बाई आज सौभाग्यवती होऊन समोर येते आणि तुम्हाला साधी पत्रिकासुद्धा आलेली नसते. असं दोनदा झाल्यावर मी वही घातली. युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे रकाने आखल्याशिवाय मला करमत नाही. नायिकेचं नाव, लग्नाचं साल, अंक. चौथा रकाना सुचला तो सासूबाईंमुळे.

त्या तेव्हा शेंगाचटणीसाठी लसूण सोलत बसल्या होत्या. स्यूचं लग्न त्यांना चौकट-चौकट दाखवत होते. डॉक्टर डूम एक यंत्र चालवून जगभरातले खलनायक मांडवावर सोडतो, धुमाकूळ होतो, आणि शेवटी दारात आलेल्या दोन पाहुण्यांना आमंत्रण नाही म्हणून बाहेर काढतात. ते पाहुणे म्हणजे कथा रचणारे स्टॅन ली आणि जॅक कर्बी. सासूबाईंना मारामारीचं काही वाटलं नाही. “आमच्यात मानपानावरनं ह्याच्यापेक्षा जास्त झालं होतं,” म्हणाल्या. मी पुढचे अंक भराभर सरकवत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी लसणावरनं मान न उचलता विचारलं, “लगीन झाल्यावर बाई कुठं गेली गं?”

तोच चौथा रकाना: लग्नानंतर काय करते.

स्यूच्या रकान्यात बरीच वर्षं फारसं काही भरता आलं नाही. तिच्याकडे अदृश्य होण्याची ताकद, आणि १९६४ पासून अदृश्य ढाली उभ्या करण्याचीही. चौघांत सगळ्यात जबर ती, पण कथेत काळजी करायला आणि ओलीस धरायला तिलाच पुढे करायचे. मुलगा १९६८ मध्ये झाला, त्या सुमारास संघातली तिची जागा भावाच्या मैत्रिणीकडे गेली. सत्तरच्या दशकात ती नवऱ्यापासून वेगळीही राहून आली. आणि हे सगळं होईपर्यंत नाव काय, तर ‘इन्व्हिजिबल गर्ल’. पदरात पोर, लग्नाला वीस वर्षं, तरी गर्लच. १९८५ मध्ये जॉन बर्नच्या हातात मालिका असताना ती स्वतःच सांगते की आता मी ‘इन्व्हिजिबल वूमन’. माझी तीन दिवसांत नावं बदलली गेली आणि हिला वीस वर्षं लागली, कोणाचं बरं म्हणावं? पण त्यानंतरची स्यू मला आवडते. लग्न तेच, नवरा तोच, फक्त लिहिणाऱ्याला ती दिसायला लागली.

जॅनेट व्हॅन डाईनचं, म्हणजे वॉस्पचं, नेमकं उलटं. १९६३ मध्ये ‘ॲव्हेंजर्स’ हे संघाचं नावच तिने सुचवलेलं. साठाव्या अंकात तिचं लग्न संघातल्याच हँक पिमशी लागतं, तेही तो भ्रमिष्ट होऊन दुसराच माणूस असल्याचं सांगत असताना. तिने त्याला ओळखलेलं असतं. पुढे १९८१ मध्ये, २१३व्या अंकात तो तिच्यावर हात उचलतो. ती चौकट मी रात्री साडेअकराला बघितली आणि टॅबलेट उपडा ठेवला. जॅनेट लगेच पुढच्या अंकात घटस्फोटाचं बोलते. आणि १९८२ मध्ये, म्हणजे जेमतेम चार अंकांवर, ती ॲव्हेंजर्सची अध्यक्ष होते. त्याच दशकात खलनायकांनी त्यांचा वाडा बळकावल्याची मोठी कथा आहे, त्यातही नेतृत्व तिचंच. बाईचा हुकूम ऐकायचा म्हणून हर्क्युलिस कुरकुरतो, आणि त्याचा मस्तवालपणा त्याला चांगलाच भोवतो. चौदा लग्नांच्या माझ्या वहीत सगळ्यात भरगच्च रकाना हिचा, आणि तो भरला घटस्फोटानंतर. हे मला पटत नाही, पण वहीत तसं आहे.

एक्स-मेनमधल्या स्टॉर्मचंही (हिचं स्यूशी नातं नाही) थोडंफार असंच. २००६ मध्ये ब्लॅक पँथरशी लग्न, वाकांडाची राणी वगैरे. २०१२ मध्ये तो एकट्यानेच लग्न रद्द झाल्याचं तिला सांगून टाकतो. तिच्या नावाची नियमित मालिका आली २०१४ मध्ये.

ॲव्हेंजर्समधल्या वाँडाचं मात्र वाचवत नाही. व्हिजन या यंत्रमानवाशी लग्न १९७५ मध्ये. ऐंशीच्या दशकात दोघांची बारा अंकांची मालिका, गावाबाहेर घर, शेजारी कुरकुरणारे, जुळी मुलं, असं छान चाललेलं. १९८९ मध्ये नव्या लेखकाने काय करावं? नवऱ्याचे सुटे भाग करून मांडले. मुलं मुळात खरी नव्हतीच, एका सैतानाच्या आत्म्याचे तुकडे होते म्हणून सांगितलं. मग तिची आठवण पुसली. आणि पंधराएक वर्षांनी ती आठवण परत येऊन तिचं डोकं फिरलं, तर जग उलथवणारी खलनायिका म्हणून तिच्याकडेच बोट. लेखकाला संसार लिहिण्यात रस नव्हता हे एवढंच, त्याची किंमत मात्र बाईच्या डोक्यावर मारली. लग्नामुळे पात्रं म्हातारी वाटतात, अशी प्रकाशकांची जुनी तक्रार असते. म्हातारी कोण दिसतं? रीडच्या कानशिलांवर पहिल्या अंकापासून पांढरे केस आहेत, त्याचं कुणाला काही नाही.

भविष्यातल्या वीरांच्या ‘लीजन’ मालिकेत नियमच होता, लग्न केलं की संघ सोडायचा. तिथे निदान नवरा-बायको दोघांनाही बाहेर काढायचे. आणि हे सगळं कॉमिक्समध्येच असतं असंही नाही. आपल्याकडे सरकारी विमान कंपनीतल्या हवाई सुंदरींना नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी सोडावी लागे. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गरोदरपणाला नोकरी जाण्याचा नियम रद्द केला, लग्नाचा मात्र राहू दिला.

जानेवारीत आमच्या सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, लागला. अक्षता सोहळ्याच्या आदल्या रात्री मी जुन्या ‘वंडर वूमन’चा शेवटचा अंक वाचला होता. १९४१ पासून स्टीव्ह ट्रेव्हर तिच्या मागे. पन्नासच्या दशकात तर दर थोड्या अंकांनी त्याची मागणी आणि तिचं ठरलेलं उत्तर, जगातली गुन्हेगारी संपली की बघू. शेवटी लग्न लागतं ते फेब्रुवारी १९८६ तारखेच्या ३२९व्या अंकात, आणि तिथेच मालिका बंद. मार्चच्या तारखेच्या दुसऱ्या एका मालिकेत तिच्यावर वार होतो आणि ती परत माती होते. डायना, म्हणजे वंडर वूमन, मुळात मातीचीच. राणी हिपोलिटाने मातीची मूर्ती घडवली आणि देवांनी तिच्यात प्राण घातला. १९८७ मध्ये तिची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली, त्यात स्टीव्ह वयाने बराच मोठा, आणि त्याचं जुळतं तिच्या मैत्रिणीशी, एटाशी.

दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यासमोर उभी होते. सात नंदीध्वज, बाराबंदीतली माणसं, पाय ठेवायला जागा नाही. बाहेरगावच्यांसाठी सांगते: सिद्धेश्वरांशीच लग्न करीन म्हणणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, त्या लग्नाच्या या अक्षता. त्याच्या दुसऱ्या दिवशी होम मैदानावर होम, आणि कथेप्रमाणे त्या अग्नीत ती सती जाते. लहानपणापासून अक्षता टाकत आलेय, श्रद्धेनेच टाकते. या वर्षी मूठ उघडताना मात्र मातीचं काम करणाऱ्या घरातली ती पोरगी आणि मातीची डायना डोक्यात एका शेजारी एक उभ्या राहिल्या. शेजारच्या बाईंनी “टाक की गं” म्हणून कोपर मारलं तेव्हा हात हलला.

२०१८ च्या उन्हाळ्यातली दोन लग्नं एकत्र वाचा असं मी सुचवीन. जूनमध्ये एक्स-मेनमधली किटी प्राइड ऐन मांडवात कोलोससला नाही म्हणते, आणि आयत्या मांडवात रोग नावाची नायिका आणि गॅम्बिट लग्न उरकून घेतात. आमच्याकडे असं झालं असतं तर जेवणाचे पैसे कोणी द्यायचे यावर आठवडाभर चर्चा चालली असती. त्या दोघांची पुढे बारा अंकांची मालिका आली, आणि त्यात रोग लग्नानंतर कुठेही गायब होत नाही. जुलैमध्ये बॅटमॅनचा पन्नासावा अंक. महिनोन्‌महिने लग्नाची हवा केली आणि कॅटवूमन आलीच नाही. कारण? तो सुखी झाला तर बॅटमॅन राहणार नाही, असं तिच्या मनात भरवलेलं. म्हणजे त्याग तिचा आणि पान त्याचं. त्याआधी २०१३ मध्ये बॅटवूमनचं तिच्या मैत्रिणीशी, मॅगीशी, ठरलेलं लग्न प्रकाशकांनी होऊ दिलं नाही, म्हणून लेखकांनी मालिका सोडली होती.

गंमत म्हणजे बॅटमॅनचं लग्न मोडणारा टॉम किंग त्याच वर्षी ‘मिस्टर मिरॅकल’ लिहीत होता. त्यातली बार्डा ही कर्बीने १९७१ मध्ये आणलेली. नवऱ्यापेक्षा उंच, नवऱ्यापेक्षा ताकदवान. १९७४ मध्ये, कर्बीच्या हातच्या अठराव्या आणि शेवटच्या अंकात तिचं लग्न झालं. किंगच्या बारा अंकांत एक प्रसंग आहे: नवरा-बायको शत्रूच्या महालात शिरतायत, पहारेकरी अंगावर येतायत, सापळे सुटतायत, आणि बोलणं चाललंय घराची रचना कशी बदलायची याचं. ती बोलता बोलता दोघा-तिघांना आडवं करते आणि विषय न सोडता पुढे बोलत राहते. म्हणजे तोच लेखक, तेच वर्ष. लग्नात गोष्ट नसते असं नाही, बॅटमॅनचं दुकान मोठं असतं एवढंच.

वर्गणी सप्टेंबरात संपतेय, परत भरणार आहे, माझ्या कार्डावरून. अंकांच्या साठ्याला साडेचार, वार्षिकांकांच्या खणाला दोन.

बार्डाचा तो प्रसंग सासूबाईंना दोनदा दाखवावा लागला. त्या स्वतः लग्नाच्या चौथ्या दिवशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसल्या होत्या, पुढे तीस वर्षं वळल्या.

“हिचं लगीन कवा झालं म्हणालीस?”

“चौऱ्याहत्तरला.”

“मग अजून कामावर हाय की,” म्हणाल्या, आणि टरफलांचं ताट घेऊन उठल्या.