पुळणीतल्या भाजीला इनलाइन ठिबक: एका हंगामानंतर

आमची भाजीची जमीन वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला लागून, निव्वळ पुळण, म्हणजे वाळूच. दिवाळीनंतर मिरची, वांगी आणि वाली लावताना १६ मिमीची इनलाइन नळी (ड्रिपर आतच बसवलेली) टाकली. ड्रिपर ३० सेंमीवर, तासाला २ लिटरचे. आता पावसाच्या तोंडावर नळ्या गुंडाळून ठेवल्या आहेत.

घेताना दोन ड्रिपरमधलं अंतर आधी बघा. काळ्या जमिनीत ड्रिपरखालचं पाणी आडवं पसरतं. वाळूत ते सरळ खाली उतरतं आणि ओल जेमतेम वीतभर रुंद राहते. म्हणून ६० सेंमीवर ड्रिपर असलेली नळी स्वस्त मिळाली तरी पुळणीत नको. पाणीही तोडून तोडून द्यायचं. आम्ही सकाळ, दुपार, संध्याकाळ वीस-वीस मिनिटं सोडतो. सलग तासभर सोडलं तर बरंचसं मुळांच्या खाली निघून जातं. ज्या वाफ्यांत शेणखत आणि काथ्याचा कुजवलेला भुसा भरपूर घातला, तिथे वीज गेल्याने दुपारची पाळी चुकली तरी मिरचीने मान टाकली नाही.

युरियाचं नत्रही पाण्यासोबत असंच खाली जातं, आणि खाली आमचीच विहीर आहे, प्यायच्या पाण्याची. त्यामुळे विद्राव्य खत थोडं थोडं, दिवसाआड.

माझ्या लेखी या संचाचं खरं मोल त्या विहिरीतच आहे. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर ते १ फूट असेल, तर खाली साधारण ४० फूट असतं. मोठ्या पंपाने जोरात उपसा केला की वरची पातळी बसते आणि खालून खारं वर चढतं. पाटाने पाणी द्यायचो तेव्हा एप्रिलमध्ये चहासुद्धा मचूळ लागायचा. ठिबकाला अर्ध्या एचपीचा पंप पुरतो, वाफे पाळीपाळीने भिजवतो. यंदा मे संपेपर्यंत पाणी गोडं राहिलं, आणि घरच्यांना याचाच आनंद जास्त आहे.

लाल माठाला मात्र ही नळी उपयोगाची नाही. फोकून पेरलेल्या भाजीला रेन पाइप (पावसासारखं पाणी उडवणारी भोकांची नळी) किंवा झारीच हवी. वांग्याच्या मुळांवरच्या सूत्रकृमींच्या गाठीही ठिबकाने कमी होत नाहीत. पुळणीत हा त्रास असतोच, तो आटोक्यात यावा म्हणून त्या वाफ्यांत पुढच्या खेपेस झेंडू लावणार आहे. फिल्टर डिस्कचा घ्या आणि दर आठवड्याला उघडून धुवा, विहिरीतून बारीक वाळू येत राहते.