पटेलाचे पंच की ग्रामसभेची समिती?
इंदूरला आमच्या घराची डागडुजी करणाऱ्या आलिराजपूरच्या भिलाला आदिवासी गवंड्याला पेच पडला आहे: गावच्या बांधाचा तंटा वंशपरंपरागत पटेलापुढे, म्हणजे गावप्रमुखापुढे, न्यावा की ग्रामसभेच्या शांती व विवाद निवारण समितीपुढे? पटेलाकडे भांजगडिया, म्हणजे तंट्यातला मध्यस्थ, दोन्ही घरांत फेऱ्या घालतो, दंड ठरतो, मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडली की वैर मिटते. खर्च दंडाचा नि पाहुणचाराचा, पण लेखी काही उरत नाही आणि शेतात राबणाऱ्या बायका बहुधा बैठकीबाहेरच राहतात. समितीला आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याचा व मध्य प्रदेशाच्या २०२२ च्या नियमांचा आधार आहे. ज्या भाऊबंदांना उद्या एकाच विहिरीवर पाणी भरायचे आहे, त्यांनी पटेल गाठावा. विधवेचा हिस्सा अडला असेल, तर समितीच बरी.